जावयाने वाटलेले नंदी

सोमवार, पुलगाव

ही डायरी मी मुकेशच्या सांगण्यावरून लिहितो आहे. मुकेशचं हिंगणघाटला कापडाचं दुकान आहे आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याची केबल वाहिनी आहे. तिच्यावर दर रविवारी संध्याकाळी 'गाव म्हणते' नावाचा कार्यक्रम लागतो. तो कार्यक्रम मी सादर करतो. हे वाक्य लिहून मी पुन्हा वाचून पाहिलं. अजूनही दुसऱ्या कुणाबद्दल लिहिल्यासारखं वाटतं.

आधीची मुलगी नागपूरच्या मोठ्या वाहिनीत गेली, म्हणून मुकेशला घाईने कुणीतरी हवं होतं. पांढरे केस, स्वच्छ उच्चार आणि दुपारी रिकामा असलेला माणूस. या तिन्ही गोष्टी माझ्याकडे होत्या. चौथी कुणी विचारली नाही. नोकरीभर मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो आणि मोठ्याने फक्त 'शांतता राखा' एवढंच बोललो. तेही बहुतेक वेळा पाटीकडे बोट दाखवून भागायचं.

स्टुडिओ म्हणजे कापडाच्या गोदामाचा एक कोपरा. मागे पडदा म्हणून दुकानातला माल लावतात. मागच्या महिन्यात मी अतिवृष्टीची माहिती दिली ती लाल शालूंपुढे उभं राहून. लोकांना वाटलं, कुणाचं तरी लग्न मोडलं.

आज मुकेशने बोलावून घेतलं.

"काका, राग नोका मानू. तुमी गावाची मुलाखत घेऊन राह्यले का गावाले श्रद्धांजली वाहून राह्यले, तेच समजत नाई."

मी म्हटलं, मी फक्त आदराने विचारतो.

"तेच तं. आता पोळा येऊन राह्यला. तान्ह्या पोळ्याचा भाग एकदम भन्नाट करा. नाई तं त्या टायमाले भजन लावतो. भजनवाले उलटे मलेच इचारून राह्यले, कधी लावता म्हणून." मग त्याला माझी दया आली असावी. "आन् डायरी लिहत जा. मोठेमोठे टीव्हीवाले लिहतात. काम, प्रवास, समाजसेवा. मंग त्याचं पुस्तक निघते."

पुस्तक म्हटल्यावर मी विरघळलो. घरी येऊन वहीच्या पानावर तीन रकाने आखले.

आता इथं कुणी बघत नाही म्हणून लिहितो. मला हा कार्यक्रम सोडायचा नाही. या वयात असली हाव शोभत नाही हे कळतं. पण एसटीतून उतरावं आणि स्टँडवर कुणीतरी आपली वाट बघत असावं, हे मला सत्तरीच्या तोंडावर पहिल्यांदा घडलं. भजनापुढे मी हरलो तर पुन्हा गॅलरीत बसून वर्तमानपत्र शेवटच्या निविदेपर्यंत वाचायचं.

मंगळवार, समुद्रपूर

काम आणि प्रवास हे दोन रकाने आज भरले. बस हिंगणघाटपर्यंत वेळेवर होती, पुढे तिला स्वतःचे विचार सुचले. कंडक्टरने मला ओळखलं. "तुमीच नं ते टीव्हीवाले? आमच्या म्हातारीले तुमचा आवाज लय मानवते. तुमी सुरू झाले का तिचा डोळा लागते. डॉक्टरच्या गोळीनं नाई लागत." हे मी कौतुक म्हणून घेतलं. घ्यावं की नाही, हा विचार समुद्रपूर येईपर्यंत चालला.

कॅमेरा निकेश धरतो. हा लग्नाचं शूटिंग करणारा तरुण, त्यामुळे त्याचा कॅमेरा आपोआप बायकांच्या दागिन्यांकडे आणि जेवणाच्या ताटांकडे वळतो. मी एका शेतकऱ्याला कपाशीबद्दल विचारलं. तो म्हणाला, "बरी हाय." मी विचारलं, आणखी काही सांगाल? तो म्हणाला, "नाई." मग आम्ही दोघं बराच वेळ कपाशीकडे बघत राहिलो. निकेशने बांधावर ठेवलेला डबा टिपला.

रात्री घरी आल्यावर वच्छला, म्हणजे आमची मंडळी, वही बघून म्हणाली, "हा तिसरा खाना रिकामाच हाय नं जी. समाजसेवा."

"करायची म्हणतो."

"तुमी? पाणी प्यालेला गिलास तुमच्यानं उचलला जात नाई."

तरीही मला एक कल्पना सुचली. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी सजवून मिरवतात. मग तो ओढत घरोघर जातात, लोक नंदीची पूजा करून पोरांना बोजारा देतात, म्हणजे काही पैसे, काही खाऊ. पण ज्या पोरांकडे नंदी नसतो ती नुसती मागे मागे फिरतात. त्यांना आपण नंदी वाटले तर? सेवाही होईल, कार्यक्रमही रंगेल. आणि गर्दी हमखास जमेल असं गाव म्हणजे अल्लीपूर. माझी सासुरवाडी.

वच्छलाने भाजी चिरता चिरता विळी थांबवली. "माह्या माहेरी नोका जाऊ."

"का?"

"तुमी तिथले जवाई हाय."

"म्हणून तर जातो आहे. मान देतात."

"मान देतात, तेच सांगून राह्यली. जवायाच्या तोंडावर कोणी खरं बोलत नाई. तुमाले तिथं काय चुकलं तेबी समजणार नाई." एवढं बोलून ती पुन्हा भेंडीकडे वळली. मला वाटलं, तिला माझ्याबरोबर यायचं आहे आणि तसं म्हणायचं नाही. चाळीसपेक्षा जास्त वर्षांच्या संसारात मी तिचा असा अर्थ अनेकदा लावला आणि तो दरवेळी चुकला.

शनिवार, पुलगाव

नंदी तयार झाले. इथले फर्निचरवाले भैयाजी यांनी लाकडाचे उरलेले तुकडे वापरून ते फुकट करून दिले. अट एकच. प्रत्येक नंदीच्या कुशीवर 'भैयाजी फर्निचर' असं रंगवायचं.

"पाय जरा पाहून घ्या," भैयाजी म्हणाले. "टेबलाचे पाय उरले होते, तेच लावले."

पाहिलं. नंदी चांगले होते, पण त्यांचा चेहरा सोडला तर ते सोफासेटचे चुलतभाऊ वाटत होते. काहींची वशिंडं दाराच्या मुठीची होती. मी भैयाजींना म्हटलं, फार सुंदर. खोटं बोलायला कॅमेरा लागतोच असं नाही.

किती पोरांकडे नंदी नाहीत हे आधी विचारून घ्यावं, असं मनात आलं होतं. पण विचारायचं कुणाला, फोन करायचा कसा, समोरच्याला वेळ असेल का, या विचारात दुपार गेली आणि संध्याकाळी भैयाजींनी सगळा माल छोट्या टेम्पोत भरून टाकला. म्हटलं, नंदी नसलेली पोरं एका गावात असून असून किती असतील, त्यांना पुरून उरतील.

पोळा, अल्लीपूर

माझा मेहुणा रूपराव स्टँडवर आला होता. वच्छलाही आली, तिच्या पद्धतीने. म्हणजे "मी नाई येत" असं म्हणत पिशवी भरून.

अल्लीपुरात मला नाव नाही. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूससुद्धा मला 'जवाईबापू' म्हणतो. रूपरावांच्या घरी पुरणपोळ्या, वडे, कढी, शिवाय खास माझ्यासाठी करंज्या. नको म्हटलं की वाढतात आणि हो म्हटलं की जास्त वाढतात.

बैलांचा पोळा फुटल्यावर, म्हणजे बैल घरोघर परतल्यावर, संध्याकाळी मारोतीच्या पारापुढे मी नंदी वाटले. बातमी आधीच पसरली होती. ज्यांच्याकडे नंदी नव्हता ती पोरं आली. ज्यांच्याकडे होता तीही आली. शेजारच्या वस्तीतली आली. कडेवरची आली. एक जण मिसरूड फुटलेला होता, त्याला मी विचारलं, तू कितवीत? तो म्हणाला, "मी कामाले जातो, जी." त्यालाही दिला. कॅमेऱ्यापुढे परत कसा मागणार?

माणसं भोवती उभी राहून टाळ्या वाजवत होती. "वा, जवाईबापू, वा! पोट्ट्यायची हौस झाली." रुख्माबाई, वच्छलाच्या लहानपणीची मैत्रीण, तीही "वा" म्हणाली. पण ती वच्छलाकडे बघून म्हणाली. तो 'वा' मला जरा निराळा वाटला. मी निकेशला विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, "काका, करंज्या भारी होत्या."

तान्हा पोळा, अल्लीपूर

आज जे झालं ते क्रमाने लिहितो, कारण मला अजून त्याचा क्रम लागत नाही.

सकाळी पोरांची रांग लागली. रंगीत झुली, फुगे, बेगड. माझे नंदीही ओळीत होते आणि 'भैयाजी फर्निचर' इतक्या वेळा दिसत होतं की कुणाला वाटावं, दुकानाची शाखा उघडली. बक्षिसं झाली. मग पोरं नंदी ओढत घरोघर निघाली.

चूक मला तेव्हा दिसली. दारात नंदी आला की त्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. कितीही गरीब घर असो, पूजा करायची आणि बोजारा द्यायचा. लोक दरवर्षी येणाऱ्या पोरांचा अंदाज घेऊन सुटे पैसे, चिवडा, पेढे काढून ठेवतात. आणि मी एका संध्याकाळात गावातले नंदी दुप्पट-तिप्पट करून ठेवले होते. वाट्या रिकाम्या झाल्या तरी रांग संपेना. टेबलाच्या पायांचे नंदी डांबरी रस्त्यावर खडखडत एका दारातून दुसऱ्या दारात जात होते.

दुपारपर्यंत दारं बंद व्हायला लागली. दोन घरांना बाहेरून कुलूप दिसलं. त्यातल्या एका घराच्या खिडकीतून घरमालक मला बघत होता. आमची नजरानजर झाली.

मी माइक खिडकीच्या गजांजवळ नेला. "नमस्कार. आजचा उपक्रम तुम्हाला कसा वाटला?"

"लय छान जी, जवाईबापू," तो आतून म्हणाला.

"दाराला कुलूप आहे..."

"हो जी. उगाच. तुमी जेवले का?"

पुढच्या घरी तेच. लय छान, लय पुण्याचं काम, जेवले का. एका माणसाने डबा उपडा करून शेवटचा पेढा पोराच्या हातावर ठेवला, माझ्याकडे वळून हात जोडले आणि म्हणाला, "दरसाल येजा, जवाईबापू." त्याच्या गालाचा एक स्नायू उडत होता.

निकेशने कॅमेरा खाली घेतला. "काका, सगळेच छान म्हणून राह्यले. याच्यात दाखवू काय? मुकेशभाऊ भजनच लावते आता."

खरं काय ते मला दिसत होतं, पण माझ्यापुढे ते कुणी बोलणार नव्हतं, आणि न बोललेलं टीव्हीवर दिसत नाही. मी रूपरावांना म्हटलं, तुम्ही तरी मोकळेपणाने बोला, मी रागावणार नाही. रूपराव जमिनीकडे बघत म्हणाले, "भाऊजी, तुमच्या हातून काई चुकलं असं मी म्हणन का? माह्या बापाले काय तोंड दाखवू?" बाप वारून वीस वर्षं झाली.

तेवढ्यात घरामागच्या अंगणातून आवाज आले. बायकांचे. भिंतीपलीकडे वच्छला होती आणि गावातल्या दहाबारा जणी होत्या.

"वच्छले, तुह्या नवऱ्याले अक्कल हाय का वं?" ही रुख्माबाई.

"नाई," वच्छला म्हणाली. "पण तुले काऊन पाहिजे? तुह्या घरी तं दोघायलेबी नाई."

"हासू नोको! माह्या घरी सकाळपासून पोट्टे मोजता येऊन नाई राह्यले. सात वर्साचा येते, सतरा वर्साचा येते. तो धीरज, त्याचं लगन जमलं, तो नंदी घेऊन आला दारात! म्हने, काकू, बोजारा."

"मंग द्याचा होता नं एक धपाटा."

"नंदीवाल्याले धपाटा देते का कोणी? तुह्या नवऱ्यानं पाप-पुन्याचा घोळ करून ठेवला! सोताचं नाव केलं आन् आमच्या घरचे डबे खाली केले. हे कोन्ती समाजसेवा म्हनते वं त्याले?"

मी भिंतीला टेकून उभा होतो. आयुष्यात माझ्याबद्दल इतकं स्पष्ट मत मी प्रथमच ऐकत होतो, आणि लाजेपेक्षा जास्त मला वाटत होतं, हे टिपायला हवं. निकेशकडे पाहिलं तर तो आधीच अंगणाच्या दारात पोचला होता. त्याला लग्नातली भांडणं टिपायची सवय आहे. मी त्याच्यामागे गेलो. मला बघताच सगळ्या जणी गप्प झाल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जेवले का, जवाईबापू?" रुख्माबाई म्हणाली.

वच्छला उठली, माझ्या हातातून माइक काढून घेतला. "तुमी जा आतमंदी. तुमी हाय तोवर ह्या बोलणार नाई."

मी आत गेलो. दाराच्या फटीतून पाहिलं, हे लिहायला हवं.

"हं, बोला आता," वच्छला माइक काठीसारखा धरून म्हणाली. "जवायाले बोलता येत नाई, गावच्या पोरीले तं येते नं? काहाडा काय हाय ते."

आणि मग सगळं निघालं. नंदीपासून सुरू झालं. नळाला एक दिवसाआड पाणी, ग्रामपंचायतीने लावलेले आणि महिनाभरात विझलेले दिवे, दवाखान्यातली नर्स जी फक्त सह्या करायला येते, कुणाच्या सुनेने कुणाला काय म्हटलं. वच्छला प्रत्येकीला उलट बोलत होती. "खरं सांग, रुख्मे, तुह्या घरी पेढे संपले का तू लपवले?" "लपवले! मंग काय करू?" अख्खं अंगण हसलं. 'गाव म्हणते' या कार्यक्रमात गाव पहिल्यांदाच काही म्हणत होतं, आणि मी दाराआड होतो.

शेवटी रुख्माबाई म्हणाली, "ज्यानं नंदी देल्ले, त्यानंच बोजारा द्याव. पन त्याले सांगन कोन?"

"त्याले नोका सांगू. मी देतो," वच्छला म्हणाली. "पोट्ट्यायले इकडं धाडा."

पोरं आली. वच्छला स्वयंपाकघरात गेली आणि माझ्या नावाने केलेल्या पुरणपोळ्या, वडे आणि करंज्यांचे डबे अंगणात आणून ठेवले. प्रत्येक नंदीपुढे एकेक घास. रूपराव दारात उभे राहून कळवळले, "ताई, ते जवाईबापूचं हाय!"

"म्हनूनच देऊन राह्यली," वच्छला म्हणाली.

रात्री मी कढी आणि भात खाल्ला. कुणीही आग्रह केला नाही. पहिल्यांदाच या गावात पोट फुटेस्तोवर नाही, तर भुकेपुरतं जेवलो.

रविवार, पुलगाव

कार्यक्रम दाखवला. माझा भाग मुकेशने जवळजवळ सगळा कापला. खिडकीच्या गजांपुढचा मी फक्त ठेवला आणि नंतर सरळ वच्छला. कार्यक्रम संपायच्या आत मुकेशचा फोन.

"काका, काकूले द्या."

"ती घरी नाही," मी म्हणालो.

वच्छला माझ्यापासून चार हातांवर लसूण सोलत होती.

थोड्या वेळाने पुन्हा फोन. मी म्हटलं, झोपली. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा तिने लसणाचे हात पुसले आणि माझ्यापुढे हात केला. मी फोन दिला. देताना हातातला फोन जरा उशिराच सुटला.

दर रविवारी कार्यक्रम तिने करावा, असं मुकेशचं म्हणणं. तिने सगळं ऐकून घेतलं. "करतो," ती म्हणाली. "पन मी कोनाले काई वाटनार नाई. आन् जिथं मी सून हाय, तिथं मी तोंड उघडनार नाई. पुलगाव, समुद्रपूरकडची ह्यायची भावकी, आर्वीकडचे दीर. तिथं मी डोक्यावर पदर घेऊन बसतो. तिथं ह्यायलेच पाठवा."

मुकेशने पलीकडून दोनदा 'बरं, बरं' म्हटलं. मग म्हणाला, "काकांले एक भाग देतो. पुलगावचा. तो नाई जमला तं मंग पाहू." स्पीकर चालू होता. वच्छलाने मुद्दाम चालू केला होता की चुकून, ते मी विचारलं नाही.

बुधवार, पुलगाव

बंद पडलेल्या गिरणीच्या रस्त्यावर चहाच्या टपरीपुढे शूटिंग. अल्लीपुरात मला कुणी वाकडं बोलत नाही. पुलगावात मी जन्मलो. इथं कुणाला अडवणारं काहीच नाही.

बरीच माणसं जमली होती. ताराचंद, माझ्याबरोबर शाळेत असलेला किराणावाला, पुढे आला. मी माइक धरला आणि माझं नेहमीचं वाक्य सुरू केलं. "आदरणीय ताराचंदजी, आपल्या गावाच्या वाटचालीबद्दल..."

"प्रभ्या, बायको नाई आली का बे? आमी तं तिलेच पाहाले आलतो."

सगळे हसले. अल्लीपूरला ती गावची पोर होती म्हणून बोलली, इथं ती सून आहे, हे मी समजावून सांगू लागलो.

"सांगू नोको, माहीत हाय. ते सून हाय, म्हनून गप. मंग तू कोन हाय?"

"मी इथलाच आहे."

"मंग बोल नं, भोकाच्या! काय आदरणीय आदरणीय लावलं? पन्नास वर्सं झाले, तू एका शब्दानं कोनाले वाकडं बोलला नाई. त्या गिरणीवर बोल. नाली तुंबली, तिच्यावर बोल. माह्यावर बोल!"

निकेशचा कॅमेरा माझ्यावर होता. ताट नव्हतं, दागिने नव्हते, त्याला दुसरं काही टिपायला नव्हतं. मी ताराचंदकडे पाहिलं. तो डाळीत खडे घालतो हे अख्ख्या पुलगावला माहीत आहे, मलाही माहीत आहे, वर्षानुवर्षं मी ते मुकाट्याने निवडत आलो. मी तोंड उघडलं. डाळीपासून सुरुवात केली. मग नालीवर आलो, नंतर नालीचं कंत्राट ज्याला मिळालं त्याच्यावर. मधे ताराचंदने एक शिवी दिली. मी तीच परत दिली आणि तिला एक विशेषण जोडलं. ग्रंथालयात बसून विशेषणं बरीच साठतात. लोक बाकावर चढून बघत होते. कुणीतरी मागून ओरडलं, "प्रभाकरराव, आमच्या सोसायटीवरबी बोला!"

रविवार, पुलगाव

मुकेशने दोन ठिकाणी 'टूं' आवाज टाकून दाखवलं. फोन केला आणि म्हणाला, "काका, भजनवाल्यांले नाई म्हणून सांगतो." आणि वर, "पुढच्या वेळेस टूं थोडे कमी ठेवा."

वच्छलाने तो भाग डोक्यावर पदर घेऊन पाहिला, कारण ताराचंद गावच्या नात्याने तिचा दीर लागतो. संपल्यावर मी काही विचारलं नाही. पण वाट मात्र बघत होतो.

"बरं झालं," ती म्हणाली. "पन शिवी देल्ली तवा तुमी कॅमेऱ्याकडं पाह्यलं. तसं पाहाचं नसते."